गाठ नसलेली खुर्ची

चूक बाबांची. सगळीच्या सगळी. हे मी नाही म्हणत हं ताई, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय, खाली सही, सहीखाली दोन रेघा — कबुली देतानाही माणूस सहीखाली दोन रेघा ओढतो, म्हणजे बघा. तुम्ही विचारलंत ना, वेबसाइटवर नुसत्या रिकाम्या चौकटी का, आधीचे फोटो कुठे गेले — तर ते असं. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून लावला, मालकाने पकडलं, सगळे फोटो उतरवले, आणि आता आमच्याच खुर्च्यांचे काढायला तुम्हाला बोलावलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा म्हणजे तुम्ही. राग मानू नका. आणि तो दिवा जरा अलीकडे घ्या, त्या टबात वेत भिजतोय, वायर आत पडली तर आपल्या दोघांचा शेवटचा फोटो निघेल. पंखा? पंखा नाही लावता येणार. वेत वाळतो. इथे माणसं वाळली तरी चालतात.

हां, तर. बाबा विणतात, काका — बाबांचा धाकटा भाऊ — गिऱ्हाइकांशी बोलतो, आणि मी. मी काय करतो? चांगला प्रश्न आहे, घरात रोज विचारतात. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं काय — मास्तर फळ्याकडे तोंड करून तीस वर्षांपूर्वीच्या वह्या वाचून दाखवायचे, वर म्हणायचे स्वतःचा विचार करा. केला. बाहेर पडलो. मग काका म्हणाला, कॉम्प्युटर येतो ना, मग आपली वेबसाइट कर, घरात बसून खातोस त्यातलं थोडं तरी फिटेल. असा आमचा काका, जिभेला हाड नाही. बाबा बोलतच नाहीत कधी — फक्त खुर्ची उलटी केली की बोलतात.

हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या धंद्यात नक्कल म्हणजे चोरी नाही. गिऱ्हाईक कुणाचीही खुर्ची उचलून आणतं, म्हणतं हुबेहूब अशी करा — आम्ही टेप लावतो, हुबेहूब अशी करतो. आमची बघून पलीकडच्या गल्लीतले करतात. कुणी कुणाला नोटीस पाठवत नाही. पण बैठकीच्या खाली, वेत जिथे संपतो ना, तिथली शेवटची गाठ — ती प्रत्येक घराची वेगळी. आमची अशी, दोन पदर आत आणि एक उलटा. दुसऱ्याची गाठ मारायची नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण नाही म्हणजे नाही. आणि वाद झाला — हा नग तुझा की माझा, दुरुस्ती कुणी करायची, बदनामी कुणाची — की खुर्ची इथे यायची. याच जागी, तुम्ही उभ्या आहात तिथे. बाबा ती उलटी करणार, बोटाने गाठ चाचपणार, डोळे मिटून बरं का, तेवढं नाटक हवंच — आणि सांगणार, अमक्याची. झालं. तीस वर्षांत कुणी वर तोंड करून बोललं नाही. मला लहानपणापासून वाटायचं, काय हा मोठेपणा, साऱ्या गावाच्या खुर्च्यांची बुडं बघत बसण्याचा!

तर फोटो. फोटो बाबांनी लावला. म्हणजे — कागदावर तसं आहे. बटण मी दाबलं. बाबांना माऊस कुठल्या हातात धरायचा ते माहीत नाही, ते कुठून दाबणार? पण बटण दाबणं म्हणजे काय हो, दुकान कुणाचं, पाटीवर नाव कुणाचं? आणि मी आधी आपल्याच खुर्च्यांचे काढले होते. मोबाइलवर. बाबांनी त्या दिवशी सकाळी सगळ्या खुर्च्या ओल्या फडक्याने पुसून दारात ओळीने मांडल्या, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभे — त्यांना वाटलं त्यांचाही काढायचाय. मी चार खुर्च्यांचे काढले. स्क्रीनवर पाहिलं तर दवाखान्यातली बाकडी वाटत होती, पेशंट तेवढा नव्हता. पाचवा काढलाच नाही. आत आलो, शोधलं — वेताची खुर्ची, खिडकी, ऊन. ढिगाने निघाले. नऊ घेतले. त्यातला एक असा होता ताई, तुम्हीसुद्धा मान डोलावली असती — मोठी खिडकी, तिरपं ऊन, खुर्चीच्या जाळीची सावली जमिनीवर, शेजारी निळा कप. खाली मी लिहिलं, ‘आमच्या कारागिराच्या हातून.’ झोकात.

बाबांना दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग त्या खुर्चीच्या हातावर अंगठा ठेवला, स्क्रीन सरकली, पुन्हा ठेवला, आणि म्हणाले, “हा हात आपला नाही.” मी म्हटलं, बाबा, कुणाला कळतंय, सगळे असंच करतात. तर म्हणाले, “काम मात्र चांगलं झालंय.” खुर्चीचं की माझं, हे विचारायला मी काही थांबलो नाही. म्हणजे बघा — त्यांना कळलं होतं! पहिल्या दिवशी कळलं होतं! तिथेच कान धरून काढायला लावायचा होता की नाही? बाप असतो कशाला? आयुष्यात पोराने एक काम शेवटपर्यंत नेलं म्हणून गप्प बसले म्हणे. असं आईजवळ बोलले, मागाहून. मग गप्प बसणाऱ्याची चूक नाही? माझी?

चार महिन्यांनी ईमेल आलं. अमुक छायाचित्रकाराच्या वतीने, आपण त्यांचा फोटो परवानगीशिवाय वापरला, इतकी रक्कम, चौदा दिवस. सोबत आमच्या वेबसाइटचा फोटो, तारीख-वेळेसकट. मी काकाला दाखवलं. काका म्हणजे उंटावरचा शहाणा — म्हणाला, हे सगळे ठग असतात, उत्तर दिलं की फसलो, पुसून टाक. पुसलं. तीन आठवड्यांनी दुसरं आलं, रक्कम वाढलेली. मग काकाने उत्तर सांगितलं, मी टाइप केलं — “आपला फोटो आमच्या वेबसाइटवर लागल्याने आपलीच जाहिरात झाली आहे, तरी त्याबद्दल आपण काय देणार ते कळवावे.” हसू नका. मीही तेव्हा हसलो होतो, तेवढंच चुकलं. मग म्हणाला फोटो उतरव, विषय संपला. उतरवला. त्यांनी कळवलं, उतरवल्याबद्दल आभार, पण वापरलात त्याचं काय? खरंय की. कुणाची सायकल चार महिने फिरवायची आणि एका रात्री मुकाट्याने त्याच्या दाराला टेकवून यायचं, असं थोडंच असतं.

आता पुढचं ऐका, हे जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. काका म्हणाला, त्यांचं म्हणणं काय, फोटो तुमचा नाही. मग आपण ती खुर्ची करू. हुबेहूब. खुर्ची आपली म्हणजे फोटोतली वस्तू आपली, वस्तू आपली तर फोटो कुणाचा? मी सांगून दमलो, की काका, खुर्ची कुणी केली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, फोटो कुणी काढला तो प्रश्न आहे. पण खुर्ची करणाऱ्या माणसांना हे शिरतच नाही हो डोक्यात — त्यांच्या लेखी खुर्ची असते, फोटो म्हणजे खुर्चीची सावली. सावलीचा मालक वेगळा कसा? बाबांनी एवढंच विचारलं, “केली तर तुझ्या मागचं हे मिटेल?” काका म्हणाला मिटेल. मी काही म्हटलं नाही. आठ दिवस बसून केली. स्क्रीन मोठी करून करून, हाताचा बाक, पाठीची जाळी, सगळं. तीच ती. हो, तुमचा कॅमेरा मघापासून तिच्याकडेच वळतोय ती. मग आम्ही ती शेजाऱ्यांच्या खिडकीत नेली, कारण आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. निळा कप आणला. ऊन यायची वाट पाहिली, काका घड्याळ घेऊन उभा. फोटो पाठवला — ‘खुर्ची आमचीच आहे, पुरावा सोबत.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन दिवसांत उत्तर. त्याच दिवशी काढलेले आणखी अकरा फोटो त्यांनी जोडलेले. तीच खिडकी, तीच खुर्ची, तोच कप. तीन-चारांत मांजर बसलंय. एकात त्या छायाचित्रकाराचा म्हातारा बाप बसलाय, इस्त्रीचा शर्ट घालून.

काही नाही, बोला ना. नाही, पाणी नको.

तर त्यांनी लिहिलं, खोटा पुरावा दिलात हे गंभीर आहे, पण वकिलांकडे न जाता मिटवायचं असेल तर रक्कम भरा, फोटो कुणी लावला ते लेखी द्या, आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर नव्वद दिवस सूचना ठेवा. बाबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, हळू. काकाला तेव्हा नेमकं कुठेतरी जायचं होतं, काकाला नेहमीच नेमकं कुठेतरी जायचं असतं. बाबांनी कागद मागितला आणि लिहिलं — दुसऱ्याचं काम मी माझं म्हणून लावलं. बस, एक ओळ. दोन रेघा. पैसे भरले, ते सोडा, पैसे काय आज आहेत उद्या नाहीत. मग सूचना. ती मीच टाइप केली, मजकूर त्यांनी पाठवलेला होता, फक्त नावाची जागा कोरी होती. मी विचारलं, काय घालू? विचारलं हं, असं नाही की — विचारलं. तर म्हणाले, “माझं घाल. तुझं नाव अजून कुठे लागलेलं नाही. पहिल्यांदाच इथे नको लागायला.” टोमणा बघा! अशा वेळीसुद्धा टोमणा! माणूस सरळ बोलूच शकत नाही. मी घातलं मग त्यांचं. मी काय करणार होतो, हातातला कीबोर्ड फेकून देणार होतो? त्यांनीच सांगितलं ना? मोठ्यांचं ऐकावं, हेच शिकवता ना सगळे?

वाचली सगळ्यांनी. इतके महिने ज्यांनी आमची वेबसाइट उघडली नव्हती त्यांनी मुद्दाम उघडली, पलीकडच्या गल्लीत तर एकाने छापून भिंतीला लावली. मागच्या महिन्यात दोघांचं जुंपलं, एका खुर्चीवरून. ती डोक्यावर घेऊन भांडत भांडत आमच्या दारावरून गेले. बाबांनी हात पुसून घेतले होते, पुढेही आले होते दोन पावलं. ते दोघं जरा घुटमळले, एकाने मान खाली घातली, आणि सरळ पुढे गेले. नदीपलीकडच्या कुणाकडून निकाल लावून घेतला म्हणे. तो चुकीचा लागला, असं ऐकलं. बाबा आत येऊन वेत भिजवत बसले, आधीच भिजलेला.

नाही. नाही ताई, ती खुर्ची नाही काढायची. सगळ्यांत सुंदर आहे, मला डोळे आहेत. उलटी करा तिला. करा, काही होत नाही. दिसली गाठ? नाहीच आहे. शेवटचा वेत नुसता कापून आत खोचलाय. आठ दिवस खपून केली आणि गाठ नाही मारली. मी ते कालपर्यंत पाहिलंही नव्हतं. या घरात राहून मी कधी एक खुर्ची उलटी केलेली नाही. ठेवा, सरळ करून ठेवा.

बाबांचा? मागे आहेत. काल मीच विचारलं, उद्या फोटोवाल्या ताई येणारेत, तुमचाही एक काढू या. म्हणाले, खुर्च्यांचे काढा. इस्त्रीचा शर्टही नाही घातलेला आज. तुम्ही नका विचारू. बरं, खूप झालं बोलणं, तुमचा वेळ जातोय. त्या भिंतीकडच्या सहा घ्या, सरळ समोरून, ऊनबिन काही नको. मी बाहेर उभा राहतो.

सूचनेचे नव्वद दिवस काल संपले, ती मी उतरवली. या नव्वद दिवसांत उलटी करून बघायला बाबांकडे एकही खुर्ची आली नाही.