रांजणाकडे कोण बघणार

नाही नाही, धुवायची नाहीत! ही पहिली चूक सगळे करतात, ओनिक, तूही करशील म्हणून आधीच सांगतो. द्राक्षाच्या सालीवर ती पांढुरकी भुकटी असते ना, बोट लावलं की पुसली जाते — तीच रस आंबवते. धुतलीस की गेली. मग दुकानातून पावाचं यीस्ट आण आणि पावासारखी लागणारी वाइन पी. कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची, बास. देठ मात्र काढायचे, हिरवे तर सगळेच — थोडे राहिले तर चालतात म्हणणारेही आहेत, त्यांचं बरोबर असेल, मला छातीठोक सांगता येत नाही. मी पाण्याचा माणूस. सगळी नोकरी विद्यापीठात नद्यांचं पाणी शिकवण्यात गेली, आणि निवृत्त झालो तर आपल्या इस्फहानची नदीच आटली. पोरं पुलाखालून सायकली हाणतात. तेव्हा माझ्या शिकवण्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुझं तू ठरव. बस ना — त्या खोक्यावर बस, तळघरात खुर्ची नाही.

फोनवर मी नीट बोललो नाही, माझंच चुकलं. ‘येऊन रांजण बघून जा’ म्हटलं, तू बिचारा समजलास की म्हातारा-म्हातारी मुलीकडे अमेरिकेला चाललीत, सामान वाटतायत, एक रिकामा रांजण आपल्या वाट्याला आला. तालिननं बाल्कनीत जागाही केली असेल. केली ना? वाटलंच. नाही रे, रिकामा नाही. झाकण उचल. फडकं बाजूला — हळू! — आणि तोंड आत घालू नकोस. आंबताना वायू सुटतो, तो जड असतो, खाली साठतो, माणूस गुंगतो आणि त्याला कळत नाही. ती मेणबत्ती त्यासाठीच. जिना उतरताना पेटवून गुडघ्याजवळ धरायची, विझली की उलट्या पावली वर, दारं-खिडक्या सताड उघड्या. हे विसरलास तर बाकी शिकून उपयोग नाही. आता कान दे. — येतंय ऐकू? दुसऱ्या खोलीत तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत, तसं. जिवंत आहे तो. वर सालींचा थर आलाय बघ, केवढा जाड. तो सकाळ-संध्याकाळ खाली दाबायचा, ह्या दांड्यानं — लाकडीच हवा, लोखंडानं चव बिघडते — नाहीतर वरून सुकतो आणि बुरशी धरतो. आणि रांजण गळ्यापर्यंत कधी भरायचा नाही, फुगायला जागा ठेवायची. पहिल्या खेपेला मी काठोकाठ भरला, सकाळी हे सगळं तळघर लालेलाल. आमची म्हातारी, शोघिक, जिन्यात उभी राहून म्हणते, ‘प्राध्यापक, पूर आला, मोज आता!’

जायचंय तर भरलात कशाला — विचार ना, सगळेच विचारतात. हासमिक फोनवर म्हणाली, ‘पापा, विमानाची तिकिटं काढलीत आणि तुम्ही द्राक्षं काय घेताय, डोकं ठिकाणावर आहे ना?’ पोटची मुलगी आहे, तिला विचारायचा हक्क आहे. आता काय सांगू तिला? तुझ्या आईकडून शोघिकचं तुला कळलं असेलच. नावं विसरते, गॅस चालू ठेवून झोपते. ते चाललं होतं. मी आज-उद्या करत होतो. हासमिक व्हिएन्नामार्गे आम्हाला तिकडे न्यायची सगळी व्यवस्था लावून केव्हाची बसलीये, आणि मी म्हणायचो, हिवाळा संपू दे, उन्हाळा संपू दे —

तू पाळतोस का रे? ऑगस्टात पाद्री द्राक्षांवर प्रार्थना म्हणेपर्यंत मणी तोंडात न घालणं? तालिन पाळते, तू चोरून खातोस, तोंडावरून दिसतं. असू दे. शोघिकनं जन्मात कधी मोडलं नाही. लहानपणी तापात वैद्यानं सांगितलं तरी खाल्ली नव्हती, तिची आई सांगायची. पण सौदा प्रार्थनेच्या आधीच ठरवावा लागतो, नाहीतर चांगला माल तेहरानला जातो. म्हणजे आपण जुल्फाचे आर्मेनियन न चाखता द्राक्षं घेतो! द्राक्षवाला मश्दी याद्दोल्ला दर वर्षी हसतो — ‘उस्ताद, मुलगी न बघता लग्न ठरवणारे जगात तुम्हीच उरलात.’ एका वर्षी फसलोही, अशी आंबट निघाली की पाहुणे एकेक घोट घेऊन हवापाण्याबद्दल बोलायला लागले. तर चाखायचं नाही मग करायचं काय? मणी दोन बोटांत चिरडायचा. रसानं बोटं एकमेकांना धरून राहिली पाहिजेत. मग बी बघायची — तपकिरी असली तर घ्यायची, हिरवी असली तर थांबायचं. पुस्तकात यासाठी यंत्र सांगतात, माझ्याकडे ते होतंही, कुठं गेलं कोण जाणे.

ह्या वर्षी मश्दीनं नेहमीप्रमाणे नमुन्याची पेटी प्रार्थनेच्या आधी धाडली. मी औषधं आणायला गेलो होतो. येतो तर शोघिक स्वयंपाकघरात बसलेली, पुढ्यात घड, आणि खात होती. एकेक मणी. बिया तळहातावर काढून, व्यवस्थित. मी दारातच. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘या ना, घ्या, गोड आहेत.’ — ‘या’ म्हणाली, ओनिक. मला. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. मी... काही नाही, मी एक मणी घेतला. खाल्ला. खरंच गोड होता. आणि त्याच संध्याकाळी हासमिकला फोन करून हो म्हटलं.

मश्दीला मात्र नको म्हणायला निघालो होतो, खरंच निघालो होतो, दोनदा बूट घातले. राहिलं. आणि एक दिवस तो पेट्या घेऊन दारात. मी म्हणतोय परत ने, तो म्हणतोय उस्ताद, तोडलेली द्राक्षं झाडाला चिकटवू का — आणि मागून शोघिक आली. बाह्या सरसावलेल्या. ‘कोरडं फडकं कुठाय? झावेन, धुऊ नकोस म्हणून दर वर्षी सांगायचं का तुला?’ झावेन म्हणाली! कित्येक महिन्यांनी. मश्दीच्या देखत मी रडलो असतो — रडलो नाही, पण त्यानं मान फिरवली, म्हणजे काय दिसलं असेल कोण जाणे. तेव्हापासून रोज दोनदा ती खाली येते, दांडा हातात घेते, साली दाबते, आणि तेवढा वेळ ती आहे. मला रागावते. मश्दीच्या पेट्यांना नावं ठेवते. दांडा खाली ठेवून जिना चढतो, तोवर मी पुन्हा पाहुणा.

तिला सांगितलेलं नाही, जायचंय ते. कसं सांगायचं असतं? तू गणित शिकवतोस, तुला तरी येतं का?

तर ऐक, महत्त्वाचं. आम्ही महिनाअखेर निघतो, तेव्हा हा आवाज नुकता मंदावलेला असेल, साली बसायला लागलेल्या असतील. तिथून तुझं काम. जाड कापडातून पिळून काढायचं — पिळून म्हणजे हळू, बिया चिरडल्या तर कडवट. मग ते काचेचे बुधले. धुण्याच्या सोड्यानं आणि उकळत्या पाण्यानं धुवायचे, साबण लावायचा नाही, साबणाचा वास जात नाही. ह्यांना मात्र गळ्यापर्यंत भरायचं, आत हवा नको. रांजणाच्या उलट — गोंधळ होतो, माझाही व्हायचा. बुचातून नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत, म्हणजे आतला वायू बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. घट्ट बंद करशील तर काच फुटेल, थट्टा नाही. साखर घालायची नाही. कुणी सांगितलं तरी त्याची कडक दारू, अरक, गाळायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि दाराबाहेर बाटली न्यायची नाही, आपल्याला ख्रिस्ती म्हणून आपल्या घरात आपल्यापुरती मुभा आहे. शेजारची अफसरीखानम कितीही चांगली असली, आपली किल्ली तिच्याकडे असली, तरी तिला थेंब द्यायचा नाही. तिच्या अडचणी वाढवायच्या नाहीत. दर वर्षी जिन्यात भेटते, नाक वर करते आणि म्हणते, ‘प्रोफेसर, तुमच्याकडे पाव फार छान फुगतोय हं.’ मी म्हणतो, हो खानम, पीठ चांगलं मिळालं.

मला थेंब नको, ओनिक. तुम्ही प्या, ईस्टरला प्या, मूल झालं की त्याच्या बाप्तिस्म्याला प्या. मला नाव पाहिजे फक्त. तिथं हासमिकच्या घरी सकाळी उठून ती विचारणार — साली कोण दाबतंय? मी विसरेन, पण हे ती विसरायची नाही. तेव्हा मला म्हणता आलं पाहिजे, ओनिक बघतोय. आणि माणूस खरा पाहिजे, कारण ती खोदून विचारते — हाताला जोर आहे का त्याच्या, तालिननं सोडा घातला का साबण, नळी कुणी लावली. मला खोटं रचता येत नाही, मध्येच तपशील चुकतात. तर ख्रिसमसपर्यंत तळाशी गाळ बसेल, तेव्हा वरचं निवळ नळीनं —

काय झालं? — असा का बघतोयस? बोल ना. ख्रिसमसला काय?

अच्छा.

कुठं? येरेवानला. तालिनच्या भावाकडे. चांगलंय, चांगलंय की, भाषा तरी आपली — आणि शाळा? सांगितलंस शाळेत? — कधी निघताय? — म्हणजे आमच्या मागोमागच. म्हणजे आल्यापासून तू हेच सांगायला बघत होतास आणि मी तुला सोडा, साबण... नाही रे, माफी कसली मागतोस, तरुण माणसं जाणारच, मीच नाही का चाललो? मी विचारायला हवं होतं आधी. माणसाला आत बोलवावं, बस म्हणावं, कसा आहेस विचारावं. मी धुवायची नाहीत म्हणून सुरू झालो.

दुसरं कोण... हाकोप्यान तर गेलेच. कोपऱ्यावरचा शिंपी मुलाकडे गेला. आरुस आहे, पण तिला जिना उतरवत नाही. नाही, तू नको डोकं चालवूस, मी सगळी गल्ली मनात फिरून आलोय, तुझ्याच दाराशी थांबलो होतो.

मग असं करतो. निघायच्या दिवशी झाकण काढून ठेवतो, नुसतं फडकं, माश्यांसाठी. हवा लागली की त्याचा आपोआप सिरका होतो, व्हिनेगर, त्याला माणूस लागत नाही. आणि सिरका झाला की त्यांच्या धर्मालाही चालतो, कायद्यालाही. अफसरीखानम वर्षभर वापरेल. चांगला होईल — म्हणजे व्हावा. मी कधी मुद्दाम केलेला नाही. आयुष्यभर होऊ नये म्हणूनच —

थांब. पावलं वाजली का? उठली ती. साली दाबायची वेळ झाली. नाही, बस... नको, ऊठ. ऊठ, ओनिक. मी दुपारी तिला सांगून बसलोय, आता आपल्या हातात जोर नाही, पुढचं सगळं ओनिक बघेल. ती तुला विचारेल. तोंडाकडे बघून सरळ विचारेल, आणि तुझ्या बापाला कधी खोटं बोलता आलं नाही, तुलाही येणार नाही. म्हणून जा. अंगणाच्या दारानं. बूट हातात घे, फरशीवर वाजतात. तालिनला माझे — जा, जा.

हो, शोघिक. खालीच आहे. मीच आहे, दुसरं कोण असणार? सावकाश ये, कठड्याला धर.

ओनिक? नाही गं. अजून आला नाही.