टोरांटो, तेवीस तास

(कळंबोलीतलं विमान तिकिटांचं छोटं ऑफिस, सोमवार सकाळ. टेबलामागे वैष्णवी, समोर लोखंड बाजारातला हमाल कोंडिबा.)

वैष्णवी : साडेबारा हजार किलोमीटर, काका. मधे एक विमान बदलायचं. तेवीस तास धरा.

कोंडिबा : म्हंजी एक दिवस बी न्हाई. मग पोचतोय की. गुरवारपतोर वेळ हाय आमाला.

वैष्णवी : गुरुवारी काय आहे?

कोंडिबा : पोरगं हाय तिकडं, विश्वजित. वेल्डिंगच्या कामाला गेलाय. परांचीवरनं पडला. मशीनवर ठिवलाय. डाक्टर गुरवारी मशीन काढनार. म्हनले, आईबापाला यायचं आसंल तर त्याच्या आत या.

वैष्णवी : ...काका, पाणी घ्या. पासपोर्ट आणलाय?

कोंडिबा : आधार हाय. रेशनकार्ड हाय. दोघांचं फोटो बी काढलं सकाळी.

वैष्णवी : पासपोर्ट काढलाच नाही?

कोंडिबा : साताऱ्याच्या पल्याड कवा गेलोच न्हाई. कुटं मिळतोय त्यो? आत्ता जातो.

वैष्णवी : अर्जंट टाकला तरी आठवडा जाईल. मग व्हिसा, म्हणजे त्या देशाची परवानगी. तिला अजून दोन-तीन आठवडे.

कोंडिबा : तेवीस तास म्हनला तुमी.

वैष्णवी : ते विमानाचे, काका.

कोंडिबा : माझं ऱ्हाऊ द्या. आईला तरी धाडा. एका बाईला कोन अडवतंय?

वैष्णवी : अडवतात हो. इथल्या एअरपोर्टवरच अडवतात. डॉक्टरांना विचारून बघू का, थोडे दिवस थांबता येईल का?

कोंडिबा : इचारलं. पोराच्या खोलीत ऱ्हानारा मितेश हाय, त्यानं दोनदा इचारलं. डोकं गेलंय म्हने, नुसता श्वास चाललाय, त्यो बी मशीनचा. मितेश म्हनतो, फोन त्याच्या कानाला लावतो, बोला. काय बोलू?

वैष्णवी : मावशींना माहितीये?

कोंडिबा : न्हाई. पाय मोडला म्हनून सांगितलंय. भाईर पायरीवर बसलीय, पिशवी भरून.

वैष्णवी : काका, त्यांना सांगा आता.

कोंडिबा : ...तिकडनं इकडं आनायला किती लागत्यात? त्याला.

वैष्णवी : तास तेवढेच. पण कागदपत्रांना आठ-दहा दिवस जातात.

कोंडिबा : मंग ते कागद करा. दुसरं काय करनार. ...आगं, दारात नगं हुबी ऱ्हाऊ. आत ये.

बाळाबाई : कोन यायचंय तिकडनं?

कोंडिबा : बस हितं.

बाळाबाई : मी मुकादमाला महिन्याची सुट्टी सांगून आलेय. त्याचं अंग पुसायला, खायला घालायला मानूस नगं? तिकीट झालं का न्हाई?

कोंडिबा : आपल्याला न्हाई जाता येत. त्योच येतोय.

बाळाबाई : मोडका पाय घिऊन? एवढा येळ बसवंल का त्याला?

कोंडिबा : बसून न्हाई यायचा त्यो.