स्वेटरखालचं बिस्किट

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याने गाल धरला होता.

"बिस्किट कालचंच होतं गं! जिमच्या पँटच्या खिशात ठेवलेलं."

"आणि पँट?"

"खुर्चीवरच्या ढिगात. स्वेटरखाली."

"स्वेटर कधी काढलास?"

"थंडी संपल्यावर."

"खालचा थर जुना, हे कॉलेजात घसा कोरडा करून शिकवते मी! प्राणी मरतो, वर गाळ साचतो, हळूहळू सगळ्याचा दगड होतो. तुझं बिस्किट थंडी संपायच्या आधीचं आहे."

"भूकंपात थर उलटतात, हेही तूच शिकवतेस!"

"भूकंपासाठी कुणाला तरी हलावं लागतं. तू जिमला तरी हललास का?"

"अगं, दात तुटलाय माझा!"

"दिसतंय. उरलेलं बिस्किट टाकलं नाहीस ना?"

"का?"

"उद्या जीवाश्मांचा तास आहे."