बराकपूरचा नकाशा

लंडनला जाऊन टॉवर कसा नाही पाहिलास, म्हणून सगळे मला हसतात. आज कारण सांगूनच टाकतो.

तागाच्या कामासाठी कंपनीनं पाठवलं होतं आणि फिरायला एकच दुपार मिळाली होती. टॉवरच्या दारात तिकिटं तपासणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठून आलात?"

"कलकत्त्याहून."

त्यानं माझा हात धरला तो सोडेचना. त्याची आई बराकपूरच्या जुन्या दफनभूमीत होती. "मला आता येणं जमायचं नाही. तुम्ही एकदा फुलं वाहाल?"

मी हो म्हटलं. मग त्यानं कागदावर नकाशा काढला, गल्ली न गल्ली समजावली. तेवढ्यात टॉवर बंद व्हायची वेळ झाली.

घरी बायको म्हणाली, "अहो, ओळख ना पाळख, कुणाच्या कबरीवर निघालात?" पण शब्द दिला होता. रविवारी रजनीगंधाची फुलं घेऊन सियालदाहून गाडी पकडली.

नकाशा अचूक निघाला. पण कबरीवर आधीच ताजी फुलं होती, आणि बाजूला सुकलेले तीन-चार गुच्छ. मला काही कळेना. कबर चुकली असेल म्हणून नाव दोनदा वाचलं, तर बरोबर होतं. मुलगा तिकडे लंडनला, मग इथे येतं कोण?

तेवढ्यात तिथला माळी आला. त्यानं माझ्या हातातला नकाशा बघितला आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "साहेब, तुमचाही टॉवर बघायचा राहिला का?"