पिठाच्या रेघेवरचा बोळ

सन्माननीय अध्यक्ष अप्पाजीराव, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपल्या नव्या वसाहतीचे ओव्हरसीअर शेषगिरीराव, व्यासपीठावरील पाहुणे, आणि समोर बसलेल्या अक्का, वहिनी नि बंधूंनो,

मला बोलायची सवय नाही. शेषगिरीरावांना मी हार घातला नाही, याचा राग नसावा. माझ्या पत्नीचं, वसुमतीचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. तोवर मंगल कामात पुढं होऊ नये.

वसाहतीचा पहिला नकाशा आला, त्यात रस्ते रुंद होते. पण शाळा आणि भाजीबाजार मागल्या अंगाला. तिकडं जायला केवढा वळसा! वसुमती जुन्या गावात राजवाड्यामागच्या बोळांतून पायी हिंडलेली. तिनं विचारलं, "शेषगिरीराव, इथं मोटार कुणाकडं आहे?"

"पुढं येतील, अक्का."

"तोवर सांबाराला कोथिंबीर कोण आणणार?"

हे तेव्हा हसले होते. आत्ताही हसताहेत.

दुसऱ्या सकाळी ती शेजारणींना घेऊन रिकाम्या जागेवर गेली. दारापुढं रांगोळी घालतात तशी, तांदळाच्या पिठाची रेघ ओढत त्या आपल्या वाटेनं थेट शाळेपर्यंत चालल्या. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी रेघ खाल्ली. पण त्याआधीच शेषगिरीरावांनी दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. नकाशा बदलला म्हणून वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

घरावर छप्पर चढायच्या आत वसुमती गेली. त्या रेघेवर झालेल्या बोळातून मी रोज चालतो. कशासाठी, ते विचारू नका.

आता बाहेरची माणसं शिरतात म्हणून वसाहतीच्या समितीनं बोळाच्या तोंडाशी भिंत घालायचं ठरवलं आहे. विटा काल उतरल्या. उद्या शेषगिरीराव तिरुचीला रुजू होतील; मग हरकत कोण घेणार? मघापासून भाषणं चालली आहेत आणि माझे कान गवंड्यांकडं. बाहेरची माणसं म्हणजे कोण? फुलं घेऊन येणारी शेषम्मा?

अध्यक्षमहाराज, यांची जीप मोठ्या रस्त्यावर उभी आहे. ती बाजाराकडं पाठवावी. आपण सगळे यांना बोळातून चालत पोचवू. आपण पुढं व्हा. विटांपाशी धोतर तेवढं सांभाळा. तेवढं चालूनही भिंत हवी वाटली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. मोठ्यांपुढं काही उणंअधिक बोललो असेन, तर पोटात घालावं.

निघायचं ना?