नानांसाठी एक गाऱ्हाणं

मंडळी, नमस्कार. शाळेचं हे सभागृह आज गच्च भरलंय. पुढे उभं राहून बोलायची जागा खरी नानांची. तिथे आज मी उभा आहे. वार्ताहर म्हणून कितीतरी शोकसभांच्या बातम्या दिल्या; पण आपल्या माणसाबद्दल काय बोलायचं?

तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृत नाटकं शिकलो तेव्हापासून मला त्यांतला विदूषक फार आवडतो. हसू नका! दरबारात सगळे राजाला 'महाराज, महाराज' करतात. हा एकटाच त्याला मित्र म्हणतो. ब्राह्मण असून प्राकृत बोलतो. लाडवांवर जीव. आणि थट्टा करता करता दुसऱ्याचं अडलेलं काम पार पाडतो. मंडळी, हा कोण? हे आपले नानाच की! देवाशी थेट मालवणीत बोलणारे!

मी त्यांना तसं सांगितलंही होतं. म्हणाले, "तुझो तो विदूषक जेवणाचा बोलता काय रे?"

"सारखा तेच बोलतो, नाना."

"मगे बरो माणूस आसा."

जत्रेला देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचे ते नाना. ते मागायचे, आपण ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" ऐकून? छे! सवयीने.

समोर बसलेल्या या बापूंच्या मुलीला, निशाला, कोल्हापूरला नर्सिंग शिकायचं होतं. बापू म्हणाले, "चेडू घाट चढूचा नाय." संपला विषय. निशा रडत माझ्याकडे आली. मी बापूंना सुभाषितं ऐकवली. त्यांनी मला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग जत्रा आली. पाऊसपाणी मागून झालं, गुरंढोरं झाली, आणि त्याच सुरात नाना म्हणाले, "बापूच्या चेडवाक शिकाक जावचा आसा, तिका सुखरूप घाट चढव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज कोणाचा? बापूंचा!

बापू लालबुंद. नाना म्हणतात कसे, "माझ्याकडे काय बघतंस? तूच व्हय म्हटलंस मरे! आता देवाक दिलेलो शबूद मोडतंस?"

निशा गेली. शिकली. शेवटच्या आठवड्यात नानांच्या उशाशी बसून त्यांना पाणी पाजत होती ती हीच.

इतक्या वर्षांत नानांनी स्वतःसाठी काही मागितलेलं तुम्ही ऐकलंत? मी नाही ऐकलं. म्हणून आज स्तब्ध उभं राहू नका. उभे राहा आणि मोठ्याने बोला. बापू, यावेळी आधी नीट ऐका.

बा देवा म्हाराजा, आमचो नानो तुझ्याकडे इलो आसा. तो स्वतासाठी काय मागूचो नाय. तूच त्याका इचार, जेवलंस काय म्हणान. आणि तुझ्याच बाजूक बसव रे म्हाराजा!