निम्मा डोस

(नाशिकमधला त्वचारोगाचा दवाखाना. डॉक्टर शुभांगी. समोर पिंपळगावकडचा द्राक्षबागायतदार वाल्मीक आणि त्याची बायको उज्वला.)

वाल्मीक : ...म्हणजे पुरुष डॉक्टर आज नायच का?

डॉक्टर : नाही, मीच आहे. खाज कुठे येते?

वाल्मीक : मांडीला.

उज्वला : मांडीच्या वर. अजून वर.

वाल्मीक : तू सांगते का मी सांगू?

उज्वला : तुम्हीच सांगा. पिंपळगाव सोडल्यापासून तोंड शिवून बसलेत.

वाल्मीक : जांघेत हाय. आणि... लघवीच्या जागेवर बी. बागेची छाटणी झाल्यापासून.

डॉक्टर : काही लावलंत?

वाल्मीक : मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. लावली की बरं, सोडली की दुप्पट. मग घरचंच लावलं.

डॉक्टर : घरचं म्हणजे?

वाल्मीक : द्राक्षाला भुरी येती ना, पांढरी बुरशी? तिच्यावर आम्ही गंधकाची पावडर मारतो. म्हटलं, ही बी बुरशीच दिसती.

डॉक्टर : आणि ती तिथे लावलीत?

वाल्मीक : डोस निम्माच घेतला होता.

उज्वला : तरी म्हटलं, हा माणूस बागेत एकटाच का नाचतोय.

डॉक्टर : पडद्यामागे चला, बघते... हं. घाला कपडे, या. बुरशी बरोबर ओळखलीत. पण ट्यूबमधल्या स्टिरॉइडनं ती वाढली आणि गंधकानं कातडी पोळली. आता एक खाजगी विचारायचंय. ताई, जरा बाहेर बसता?

वाल्मीक : बसू द्या तिला इथंच.

डॉक्टर : प्रश्न अवघड आहे, दादा.

वाल्मीक : ठाऊक हाय मला. बाहेर कुठं गेलो का, हेच ना? नाय गेलो. कधीच नाय. पण हे असलं दिसल्यावर वाटलं, वाईट रोग असंल, हिला लागंल. म्हणून बागेतल्या शेडमध्ये झोपायला लागलो. हिला सांगितलं, राखणीला जातो.

उज्वला : द्राक्षाचे मणी मिरीएवढे होते तेव्हा. राखायचं काय होतं त्यात? मला वाटलं, माझाच कंटाळा आला.

वाल्मीक : येडी हाय का तू.

डॉक्टर : वाईट रोग नाही हा. गोळ्या देते, मलम देते. रक्तातली साखरही तपासू, ती वाढली तरी असं होतं. टॉवेल वेगळा ठेवा. फवारताना प्लॅस्टिकची पँट घालत असाल, ती उतरवली की आंघोळ करून अंग कोरडं करायचं. ताई, तुम्हाला काही त्रास?

उज्वला : नाय. खाजेचा नाय.

डॉक्टर : माझ्याकडे येणारे बरेच जण बायकोला गाडीत बसवून येतात, आणि दुखणं मित्राचं म्हणून सांगतात. तिच्यासमोर इतकं सरळ बोललेले तुम्ही पहिलेच.

वाल्मीक : घाम फुटला मला.

उज्वला : फुटला, पण बोलले. सोसायटीच्या मीटिंगला माईक पुढं केला तर चप्पल न घालता पळतात हे, डॉक्टर. आज बोलले.

वाल्मीक : मॅडम, घरात झोपलं तर चालंल?

डॉक्टर : खुशाल झोपा. बाकीचं मात्र कातडी भरल्यावर. पुन्हा दाखवायला याल तेव्हा सांगते.

वाल्मीक : मग आज राखणीला...

उज्वला : कुत्रा हाय राखणीला. तुमची गादी मी सकाळीच शेडमधून घरी आणून उन्हात टाकलीय.